डेस्कटॉपवरच्या पसाऱ्याने कॉम्प्युटर मंद होतो का?

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता आमच्या पेढीवरचा कॉम्प्युटर सकाळी सुरू व्हायला इतका वेळ घेऊ लागला की दुकान झाडून होई, गादीवरची चादर बदलून होई, चहा येऊन संपून जाई, तरी पडद्यावरचे ते निळे चक्र फिरतच असे. एरवी आम्ही मनावर घेतले नसते. पण एके दिवशी बालोतऱ्याला जाणाऱ्या ग्रे कापडाची गाडी भरून दारात उभी, ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून एकदा आत डोकावून गेलेला, आणि ई-वे बिल काढायचे तर टॅलीच उघडेना. मालेगावातल्या व्यापाऱ्याला हे सांगायला नको की भरलेली गाडी उभी राहिली की तिचे भाडे उभे राहत नाही.

दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावले. त्याने पडद्याकडे एक नजर टाकली आणि निदान करून मोकळा झाला. "चाचा, डेस्कटॉपवर एवढे कबाड भरून ठेवले आहे, मशीन चालणार कसे? फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखे होईल."

पडद्याकडे पाहून आम्हालाही लाज वाटली हे कबूल केले पाहिजे. मागचा फोटो दिसत नव्हता इतकी चिन्हे दाटीवाटीने बसलेली. मोजली तेव्हा ३१२ भरली. पार्ट्यांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेले डिझाईनचे फोटो, बँकेची स्टेटमेंटे, ई-वे बिलांच्या पीडीएफ, घरातल्या एका लग्नाची इनपेजमध्ये केलेली उर्दू दावतनामा, "नवीन फोल्डर", "नवीन फोल्डर २", आणि "हे डिलीट करू नये" नावाची एक फाइल, जी कोणी ठेवली हे पेढीवर कोणालाच आठवेना. मुलाचे म्हणणे सहज पटण्यासारखे होते. टेबलावर ढीग असेल तर काम हळू होते, मग कॉम्प्युटरच्या टेबलावर ढीग असेल तर त्याचेही काम हळू होत असणार. तरीही त्या ढिगात काय काय आहे याची खात्री नसल्याने आम्ही त्याला दोन दिवसांनी ये म्हणून सांगितले. त्या दोन दिवसांत, आणि पुढच्या दोन महिन्यांतही, जे विचारून, वाचून आणि करून पाहिले ते येथे मांडतो, कारण हेच निदान आणि हाच इलाज दर दुसऱ्या दुकानात सांगितला जातो आणि त्यात आपल्या व्यापारी बांधवांचे नुकसान होते.

प्रथम हे डेस्कटॉप म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७३ मध्ये आल्टो नावाचा कॉम्प्युटर तयार झाला आणि त्याच कामातून पुढे १९८१ मध्ये झेरॉक्स स्टार बाजारात आला. त्याच्या पडद्यावर कागद, फोल्डर आणि टपालपेटी यांची छोटी चित्रे होती. कल्पना अशी की ऑफिसातल्या माणसाला पडदा आपल्या टेबलासारखा वाटावा. अॅपलने ही कल्पना १९८३ च्या लिसात आणि १९८४ च्या मॅकिन्टॉशमध्ये घेतली आणि १९९५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या विंडोज ९५ ने ती आपल्या दुकानांपर्यंत आणली. म्हणजे हे टेबल माणसाच्या समजुतीसाठी काढलेले एक चित्र आहे. कॉम्प्युटरच्या लेखी टेबल वगैरे काही नसते. त्याच्या लेखी डेस्कटॉप हा इतर हजारो फोल्डरांसारखा एक फोल्डर आहे. सी ड्राइव्हमध्ये युजर्स नावाचा फोल्डर, त्यात आपल्या नावाचा फोल्डर आणि त्यात डेस्कटॉप. फरक एवढाच की हा फोल्डर सदैव उघडा असतो आणि आपण त्याच्याकडे रोज पाहतो.

मग या उघड्या फोल्डरातील ३१२ चिन्हे दाखवायला कॉम्प्युटरला किती ओझे होते? हा हिशोब कोणताही व्यापारी करू शकेल. नेहमीच्या आकाराचे चिन्ह हे ४८ ठिपके रुंद आणि ४८ ठिपके उंच असते, म्हणजे २३०४ ठिपके. एका ठिपक्याच्या रंगाला ४ बाइट धरले तर एका चिन्हाला ९२१६ बाइट. गुणिले ३१२ केले तर साधारण २९ लाख बाइट, म्हणजे ३ एमबीहूनही कमी. आमच्या कॉम्प्युटरची रॅम ४ जीबी, म्हणजे ४०९६ एमबी. कापडाच्या भाषेत सांगायचे तर १००० मीटरच्या मालात पाऊण मीटरही नाही. एवढ्या फरकाने कोणताही ग्राहक माल परत पाठवत नाही. शिवाय विंडोज ही चिन्हे दरवेळी नव्याने तयार करीत नाही. एकदा काढलेली चित्रे ती स्वतःजवळ एका साठ्यात ठेवते आणि तेथूनच दाखवते. याउलट ब्राउझरमध्ये जीएसटीचे पोर्टल, बँक आणि एखादा व्हिडिओ असे तीन-चार टॅब उघडे ठेवले तर त्यातला एकेक टॅब शंभर-शंभर एमबी सहज खातो.

मग हा समज आला कोठून? आमच्या मते तो जुन्या काळचा खरा अनुभव आहे, जो काळ बदलल्यावरही तोंडातून गेला नाही. विंडोज ९५ ला कमीत कमी ४ एमबी रॅम लागत असे. जीबी नव्हे, एमबी. आजच्या विंडोज ११ ला कमीत कमी ४ जीबी लागते, म्हणजे बरोबर १०२४ पट. ज्याच्याकडे त्या वेळी ८ एमबीचा कॉम्प्युटर होता त्याने डेस्कटॉपवर ८०० बाय ६०० ठिपक्यांचा एखादा रंगीत फोटो लावला की एकट्या त्या फोटोला जवळजवळ १ एमबी लागे. हा मात्र १००० मीटरात शंभरावर मीटरचा मामला झाला. तेव्हा जाणकार लोक फोटो काढा, चिन्हे कमी करा असे सांगत आणि ते ऐकण्यात फायदा होता. पुढे २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली. ती दर ६० दिवसांनी स्वतःच विचारी की डेस्कटॉपवर न वापरलेली चिन्हे आहेत, बाजूला काढू का? हे विचारणे नीटनेटकेपणासाठी होते, पण आपल्याकडे लोकांनी त्याचा अर्थ असा घेतला की कंपनीच सांगते, चिन्हांनी मशीन हळू होते.

याच जातीची दुसरी एक सवय आपल्याकडे घरोघर आहे. कॉम्प्युटर सुरू झाला की डेस्कटॉपवर उजवे बटण दाबून रिफ्रेश, रिफ्रेश, रिफ्रेश. आमचा गुमास्ता तर तसबीह फिरवल्यासारखा एफ-पाच दाबत असे. रिफ्रेशने फक्त पडद्यावरची चिन्हे पुन्हा एकदा मांडली जातात. रॅम मोकळी होत नाही, वेग वाढत नाही. झालेच तर मशीन आधीच धापा टाकत असताना तिला आणखी एक काम लागते.

आम्ही व्यापारी माणसे. दुसऱ्याच्या तोंडचे माप आपण घेत नाही. जुम्म्याच्या दिवशी कारखाने बंद असतात, पेढीवरही गर्दी नसते, म्हणून त्या दिवशी मोबाइलचे घड्याळ लावून बसलो. बटण दाबल्यापासून टॅलीचा पडदा हाताला येईपर्यंत दोन वेळा मोजले. एकदा ६ मिनिटे १० सेकंद आणि एकदा ५ मिनिटे ५५ सेकंद. मग सगळी ३१२ चिन्हे "ढीग" नावाच्या एका फोल्डरात टाकली, डेस्कटॉप चकचकीत केला, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. ६ मिनिटे ५ सेकंद. पडदा पाहून मन प्रसन्न झाले, एवढाच लाभ.

येथे आमच्या मुलाने एक गोष्ट दाखवली जी प्रत्येक वाचकाने आपल्या पेढीवर करून पाहावी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क असे रकाने असतात आणि कोणत्या रकान्यात ओझे आहे ते टक्क्यांत दिसते. आमच्याकडे प्रोसेसर २० टक्क्यांच्या आसपास, मेमरी ८५, आणि डिस्कचा रकाना १०० वर जो चढला तो उतरेना. निदान तेथे होते.

त्याचे कारण असे. आमचा कॉम्प्युटर २०१६ साली घेतलेला. त्यात फिरती हार्ड डिस्क. अशा डिस्कमध्ये खरोखरच तबकड्या फिरत असतात, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे, आणि त्यावर एक सुई इकडून तिकडे धावत माहिती शोधते. प्रत्येक शोधाला सेकंदाचा साधारण शंभरावा हिस्सा जातो. ऐकायला तो थोडा वाटतो, पण कॉम्प्युटर सुरू होताना असे हजारो शोध घ्यावे लागतात आणि सुई एकच. एका गुमास्त्याला एकाच वेळी दहा गिऱ्हाइकांनी वेगवेगळ्या फळीवरचे ताके मागावे तशी त्या सुईची स्थिती होते. एसएसडी नावाच्या डिस्कमध्ये फिरणारे काहीच नसते, त्यामुळे शोधाला लागणारा वेळ जवळजवळ शंभर पटींनी घटतो.

सुईला पळवणारी गिऱ्हाइके कोण होती? टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअप नावाचे पान आहे. कॉम्प्युटर चालू होताच कोणकोणते प्रोग्राम आपोआप उठतात त्यांची यादी त्यावर असते. आमच्या यादीत सोळा नावे निघाली. दोन प्रिंटरचे प्रोग्राम, ज्यातला एक प्रिंटर भंगारात जाऊन तीन वर्षे झाली. गाणी वाजवणारा एक. मीटिंगचा एक, जो कोरोनाच्या काळात मुलांच्या शाळेसाठी घातला होता. आणि दोन अँटिव्हायरस, ज्यातल्या एकाची मुदत केव्हाच संपलेली. एका दारावर दोन पहारेकरी बसवले आणि दोघेही येणाऱ्या प्रत्येक माणसाची झडती घेऊ लागले तर दारात रांग लागणारच. नको ती नावे बंद केली, मुदत संपलेला अँटिव्हायरस काढला. पुढच्या वेळी साडेचार मिनिटे लागली.

आणखी एक कारण सापडले, ते खास आपल्या गावचे. पेढीच्या मागेच यंत्रमाग चालतात. कॉम्प्युटरचा डबा उघडला तर प्रोसेसरवरच्या पंख्यावर सुताच्या बारीक तंतूंचा थर बसलेला, जणू पंख्याने रजई पांघरली आहे. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून तो स्वतःच आपला वेग कमी करतो, ही त्याच्यात केलेली सोयच आहे. आमचा प्रोसेसर सकाळी बरा असे आणि दुपारी मंद होई त्याचे हे कारण. वीज काढून, मऊ ब्रशने आणि फुंकणीने थर काढला, दुपारची तक्रार गेली. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील ज्या बांधवांचा कॉम्प्युटर मागांच्या जवळ आहे त्यांनी दर तीन-चार महिन्यांनी डबा उघडून पाहावा. कॉम्प्युटर मंद करणारा कचरा शोधायचाच असेल तर तो येथे आहे.

शेवटी जुनी डिस्क काढून एसएसडी बसवली. रॅम ८ जीबी केली. नवा कॉम्प्युटर घेण्याच्या मानाने खर्च थोडक्यात आटोपला. आता बटण दाबल्यापासून टॅली ५० सेकंदांत उघडते.

तर पसाऱ्याचा काहीच दोष नाही का? अगदी तसेही नाही. काही प्रसंगी डेस्कटॉपवर ठेवलेली वस्तू खरोखर अडथळा करते, पण ती तेथे किती आहेत यापेक्षा काय आहे याने फरक पडतो. सर्वात त्रासदायक प्रकार आमच्याच पेढीवर निघाला. गोदामातील दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या एका फोल्डराचा शॉर्टकट आमच्या डेस्कटॉपवर होता. गोदामाचा कॉम्प्युटर बंद असला की आमचा कॉम्प्युटर त्याला हाका मारीत बसे, आणि उत्तराची वाट पाहण्यात पडदा काही क्षण गोठून जाई. दुसरा प्रकार फोटो आणि व्हिडिओंचा. यांच्या चिन्हात त्यांचेच छोटे चित्र दाखवायचे असल्याने नवी फाइल आली की कॉम्प्युटरला ती उघडून चित्र तयार करावे लागते. एकदम दोनशे डिझाईन उतरवली आणि डिस्क फिरती असली की हे ओझे जाणवते. तिसरा प्रकार सेटअपच्या फाइलींचा. त्यांचे चिन्ह त्यांच्याच पोटात असल्याने विंडोज आत डोकावते, आणि विंडोज डोकावली की अँटिव्हायरसही डोकावतो.

चौथा प्रकार अलीकडचा आहे आणि पुष्कळांना त्याची कल्पना नसते. नव्या विंडोजमध्ये बऱ्याचदा डेस्कटॉपचा फोल्डर वनड्राइव्हशी जोडलेला असतो, म्हणजे तेथे ठेवलेली प्रत्येक फाइल इंटरनेटवरून मायक्रोसॉफ्टच्या साठ्यात चढवली जाते. फुकटचा साठा ५ जीबीचा. तेवढ्यात डिझाईनचे व्हिडिओ मावत नाहीत. साठा भरेपर्यंत इंटरनेट त्यातच गुंतते, आणि भरल्यावर नवे काही चढत नाही. आपण मात्र समजतो की सगळे सुरक्षित आहे. मोठ्या कंपन्यांत, जेथे कामगार कोणत्याही कॉम्प्युटरवर बसला तरी त्याला त्याचाच डेस्कटॉप दिसतो अशी व्यवस्था असते, तेथेही जड डेस्कटॉपने सकाळी वेळ लागू शकतो, कारण तो नेटवर्कवरून उतरवावा लागतो. आपल्या एक-दोन कॉम्प्युटरच्या पेढ्यांना हा प्रश्न सहसा येत नाही.

सी ड्राइव्ह भरून गेल्याची गोष्ट वेगळी. सी मध्ये जागाच उरली नाही की विंडोजला आपली उठबस करायला जागा राहत नाही आणि मग खरोखर गाडी अडते. पण फाइल डेस्कटॉपवर असो की डॉक्युमेंट्समध्ये, जागा ती तेवढीच घेते, आणि दोन्ही फोल्डर सी मध्येच. डेस्कटॉपवरून उचलून डॉक्युमेंट्समध्ये टाकणे म्हणजे या गल्ल्यातले पैसे त्या गल्ल्यात टाकणे. जागा मोकळी करायची तर फाइली डी मध्ये किंवा बाहेरच्या डिस्कवर न्याव्या लागतात, आणि काढून टाकलेल्या फाइली रिसायकल बिनमधूनही काढाव्या लागतात. तोवर त्या सी मध्येच बसून असतात.

आता त्या फॉरमॅटच्या इलाजाबद्दल, कारण हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

आमचे साडू भिवंडीत कापडाची पेढी चालवतात. त्यांचाही कॉम्प्युटर असाच मंद झाला, त्यांच्याकडेही दुरुस्तीवाला आला, त्यानेही डेस्कटॉप पाहून हेच निदान केले आणि फॉरमॅट सुचवला. माणूस बेजबाबदार नव्हता. त्याने विचारले, "शेठ, काही महत्त्वाचे आहे का?" साडू म्हणाले, "टॅलीचा डेटा तेवढा सांभाळ." त्याने टॅलीचा फोल्डर डी ड्राइव्हमध्ये नेला, सी फॉरमॅट केला, नवी विंडोज चढवली आणि पैसे घेऊन गेला. डेस्कटॉपचे नाव दोघांनीही काढले नाही. एकाला तो कचरा वाटत होता आणि दुसऱ्याला वाटत होते की जे समोर दिसते ते कोठे जाणार? पण वर सांगितल्याप्रमाणे डेस्कटॉप हा सी ड्राइव्हमधला फोल्डर. सी गेला की तोही जातो.

त्या ढिगात काय होते? सहा वर्षांची सॅम्पलची छायाचित्रे. बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटांच्या प्रती. आणि पार्टीवार एक यादी, जी ते एक्सेलमध्ये स्वतः ठेवीत: कोणत्या पार्टीचे किती ताके परत आले, कोणाशी भावफरक काय ठरला, कोणाला तोंडी किती सूट कबूल केली. यातले टॅलीत चढवायचे राहिलेले बरेच काही होते. कॉम्प्युटर मात्र धावू लागला. तीन आठवडे धावला, कारण आपोआप उठणारे प्रोग्राम सगळे गेले होते. मग एकेक प्रोग्राम परत बसला, डिस्क तीच जुनी फिरती, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

फॉरमॅट करून त्यावर नवी विंडोज चढवली की जुन्या फाइली परत मिळण्याची आशा फार थोडी उरते, आणि एसएसडी असेल तर जवळजवळ नाहीच. फॉरमॅट न करता नुसती विंडोज पुन्हा चढवली असेल तर जुने सामान सी मध्येच विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरात कधी कधी सापडते, पण साधारण दहा दिवसांत विंडोज ते स्वतःच काढून टाकू शकते. ज्यांच्याकडे नुकतेच असे काही झाले असेल त्यांनी आजच पाहावे. जीएसटी पोर्टलवर भरलेली विवरणपत्रे परत उतरवता येतात, पण आपले हिशोबाचे दप्तर पोर्टलवर नसते. कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे ते दप्तर त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळून ठेवण्याची जबाबदारी व्यापाऱ्याची आहे. "फॉरमॅटमध्ये गेले" हे उत्तर तेथे चालत नाही.

येथे शॉर्टकटची भानगड समजून घेतली पाहिजे. डेस्कटॉपवरच्या काही चिन्हांच्या कोपऱ्यात एक छोटा बाण असतो. तो शॉर्टकट, म्हणजे नुसता पत्ता. तो एक-दोन केबीचा असतो आणि काढून टाकला तरी मूळ वस्तू जागेवर राहते. ज्या फाइलीवर बाण नाही ती मूळ वस्तू, ती काढली की गेली. आमच्या पुतण्याने एकदा सीए साहेबांकडे न्यायची एक्सेलची फाइल पेन ड्राइव्हवर घेतली. तिकडे लावली तर उघडेना, कारण त्याने बाणवाले चिन्ह उचलले होते. तो घराची किल्लीही नव्हे, घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी घेऊन गेला होता. त्या दिवशी नुसता हेलपाटा पडला. पण समजा, पेन ड्राइव्हवर घेतले म्हणून मूळ फाइल पुसली असती तर?

दुरुस्तीवाल्या मुलाचेही बरोबर असे काही आहे ते मान्य केले पाहिजे. पसाऱ्याने कॉम्प्युटर मंद होत नसला तरी माणूस होतो. ३१२ चिन्हांत एक बिल शोधायला आमच्या गुमास्त्याला जो वेळ लागे त्याची टक्केवारी टास्क मॅनेजर दाखवत नाही. म्हणून आता आम्ही डी ड्राइव्हमध्ये आर्थिक वर्षाच्या नावाने फोल्डर केला आहे, त्यात महिने, आणि डिझाईनसाठी पार्टीच्या नावाने वेगळी जागा. डेस्कटॉपवर फक्त बाणवाली चिन्हे ठेवायची असे ठरले आहे. मूळ फाइल दिवसा तेथे उतरली तर हरकत नाही, गल्ला मोजताना तिला तिच्या जागी पोचवायचे. दर गुरुवारी संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी सुट्टी म्हणून, डी आणि टॅलीचा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरतो आणि ती डिस्क घरी जाते. ती कॉम्प्युटरला कायम जोडून ठेवत नाही, कारण व्हायरस आला तर तो जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही. टॅलीचा डेटा नेमका कोठे आहे हे कंपनी उघडण्याच्या पडद्यावरच लिहिलेले असते, ते एकदा वहीत टिपून ठेवावे. आमचा सी मध्येच निघाला.

ज्यांच्याकडे अजून विंडोज १० आहे त्यांना दुकानदार नवा कॉम्प्युटर घ्या म्हणून सांगतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा नेहमीचा मोफत सुरक्षा-आधार संपला हे खरे आहे आणि बँकेचे व्यवहार करणाऱ्याने त्याचा विचार करावाच. पण ती सुरक्षेची बाब आहे, वेगाची नव्हे. दोन्ही एकाच बिलात लावू देऊ नयेत.

तो दुरुस्तीवाला मुलगा दोन दिवसांनी आला तेव्हा त्याला आम्ही डिस्कचा रकाना दाखवला. तो हसला आणि म्हणाला, "चाचा, गिऱ्हाइकाला डिस्क बदला म्हटले की वाटते पैसे काढतो आहे. डेस्कटॉप साफ करा म्हटले की लगेच पटते." एसएसडी त्याच्याकडूनच बसवून घेतली.

साडूंनी पार्ट्यांना फोन करून आकडे विचारले. तिघांनी आपल्या वहीतून प्रामाणिकपणे कळवले, दोघे म्हणतात भावफरकाचे काही ठरलेच नव्हते. बाकीच्यांशी बोलणे चालू आहे.